एम अडीच

९ जानेवारी

चि. धाकटीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. तुझ्या वहिनीने गच्चीवरच्या कुंड्यांत टोमॅटो लावलेत, त्यातला एक लिंबाएवढा झालाय आणि तो दाखवायला ती शेजाऱ्यांना वर घेऊन जाते. तुमच्याकडे सगळे बरे असतील.

पत्र बघून भुवया उंचावशील. फोनवर कमांड सांगता येत नाही. आपण 'डॅश' म्हणायचं, समोरच्याने 'काय?' म्हणायचं, म्हणून लिहितोय. शिवाय घसा बसलाय. थंडी आहे.

काम असं आहे. आमच्या चष्म्याच्या कारखान्यातला माझा प्रोग्रॅम तुला आठवत असेल. डॉक्टरांच्या कागदावरचे दोन्ही डोळ्यांचे नंबर कमांडमध्ये टाकायचे, की कुठली काच घ्यायची आणि कुठल्या साच्यावर घासायची याची चिठ्ठी छापून येते. कुठल्याही वर्गाला न बसता लिहिलेला प्रोग्रॅम आहे. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगतात तेव्हा मी फ्रेमचा स्क्रू पिळत बसतो, पण ऐकतो.

कमांड वाचायचा भागही माझाच. नियम सरळ: डॅशने सुरू झालं तर तो ऑप्शन, नाहीतर तो आकडा. अडचण एवढीच की आमच्या धंद्यात निम्म्याहून जास्त नंबर मायनस. मायनस अडीच लिहायला गेलं की आधी डॅश येतो आणि प्रोग्रॅम त्याला ऑप्शन समजतो. त्यावर मी तोड काढली. मायनसच्या जागी एम लिहायचं. एम अडीच, एम पावणेदोन. आता कारखान्यात मायनस हा शब्दच उरलेला नाही. काच घासणारा आमचा कारागीर, ज्याला सगळे पॉलिशच म्हणतात, तो स्वतःच्या बायकोचा नंबरही 'एम दीड' सांगतो. ती बिचारी दुसऱ्या दुकानात जाऊन तेच बोलली, तर त्यांनी तिला पुन्हा तपासायला बसवलं.

गेल्या महिन्यात काउंटरवर नव्या बाई आल्या. आधी पोस्टात होत्या, अक्षर मोत्यासारखं, कामाला चोख. त्यांनी डाव्या डोळ्याला कागदावर होतं तसं, डॅश लावून अडीच टाकलं. प्रोग्रॅमला असा ऑप्शन माहीत नव्हता, म्हणून त्याने तो सोडून दिला. गुपचूप. डाव्याला नंबर मिळाला नाही, म्हणून शून्य धरला. पॉलिश चिठ्ठीत येईल ते घासतो, आणि तयार काच आम्ही तपासतो तीही चिठ्ठीशीच ताडून. सगळं पास. चार दिवसांनी शिवणकाम करणाऱ्या एक आजी आल्या आणि चष्मा काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "डावीकडे खिडकीची काच बसवलीत का? उरली असेल तर स्वयंपाकघरालाही द्या."

मी बाईंना म्हणालो, "विचारायचं होतं."

"कोणाला? तुम्ही नव्हतात."

त्या दुपारी मी एका कामासाठी बाहेर गेलो होतो, हे खरं.

"मी डॅश लावून हेल्प पण मागून पाहिली," त्या म्हणाल्या. "त्याने उजव्या-डाव्याला शून्य धरून चिठ्ठी छापली."

यावर मला तुझी आठवण झाली. मागे आली होतीस तेव्हा माझ्या खुर्चीत बसून म्हणाली होतीस, "दादा, याला हेल्प कुठंय?" मी म्हणालो, "मी आहे ना." तू म्हणालीस, "आणि तू जेवायला गेलास तर?" मी म्हणालो, "मी डबा टेबलावरच खातो." सगळे हसले, तू सोडून. मग तू कमांड वाचायचं काम आयतं करून देणाऱ्या एका लायब्ररीचं नाव घेतलंस, आणि मी काय बोललो ते दोघांनाही पाठ आहे, पुन्हा लिहीत नाही.

पुढच्या महिन्यात मला काही आठवडे रजा घ्यायची आहे. तोवर हा प्रोग्रॅम मला न विचारता चालला पाहिजे, नाहीतर मालक म्हणताहेत की बाहेरचा घेऊन टाकू. माझा असा टाकून दिलेला मला बघवणार नाही. तर त्या लायब्ररीचं नाव कळव. उत्तर लेखीच पाठव.

तुझा,
दादा


२४ जानेवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझं पान आणि सोबतचा नमुना मिळाला. नमुन्यात एका ठिकाणी जागा दोन सुटल्या आहेत, बाकी स्वच्छ आहे.

तुझं म्हणणं पटलं. प्रत्येक ऑप्शन एकदाच सांगायचा: त्याचं नाव, त्यात आकडा हवा की शब्द, तो दिलाच पाहिजे की नाही, आणि एका ओळीत तो कशासाठी. त्यातूनच कमांड वाचली जाते आणि त्यातूनच हेल्प तयार होते. म्हणजे हेल्प एक सांगते आणि प्रोग्रॅम दुसरंच करतो, असं व्हायला जागा कमी. मी हे हाताने करायला गेलो असतो तर तिसऱ्या बदलाला हेल्प मागे राहिली असती. मला स्वतःबद्दल एवढं माहीत आहे.

पण तुझी लायब्ररीही तितकी शहाणी नाही. मायनस आकडा ती आकडाच धरते असं तू लिहिलंस. माझ्याकडे धरेना. बराच वेळ शोधलं तेव्हा कळलं: एकेरी काचेला मी 'डॅश एक' असा ऑप्शन ठेवला होता आणि दूरचं-जवळचं दोन्ही दिसणाऱ्या दुहेरीला 'डॅश दोन'. आकड्यासारखा दिसणारा एक जरी ऑप्शन असला, की ती प्रत्येक मायनस आकड्याकडे संशयाने बघते. हे तू लिहिलं नव्हतंस. माझे ते दोन ऑप्शन सुटसुटीत होते, जिवावर आलं, पण काढले. आता अक्षरी 'एकेरी', 'दुहेरी'. तसंच, रंगीत काचेच्या ओळीत मी टक्क्याचं चिन्ह लिहिलं तर हेल्प मागताक्षणी हेल्पच कोसळायची. ते चिन्ह दोनदा लिहावं लागतं. तुझ्याकडे नवे लोक शिकायला येतात ना, त्यांना सांग.

डावा आणि उजवा आता दिलेच पाहिजेत. शून्य असेल तर शून्य लिहा. आणि अनोळखी काही आलं तर प्रोग्रॅम थांबतो आणि 'हे ओळखलं नाही, हेल्प बघा' म्हणतो. सगळ्यात जास्त मला हे आवडलं.

मंगळवारी परीक्षा घेतली. ठरवून दिवसभर तोंड उघडलं नाही. खुर्चीत बसलो, हातात पुस्तक.

पॉलिश सकाळीच माझ्याकडे बघून ओरडला, "मास्तर, दुहेरीला काय लावू?"

मी पान उलटलं.

"रुसले वाटतं. मालक, यांना काय बोललात?"

"मी कशाला बोलू? घरून बोलणी खाऊन आले असतील."

बाई म्हणाल्या, "पॉलिशदादा, हेल्पमध्ये लिहिलंय सगळं. या इकडे, वाचा."

"मी मास्तरांना विचारतोय. मला माणसाने सांगितलेलं समजतं."

"हे माणसानेच लिहिलंय हो."

मग तो हात पुसत आला आणि ओठ हलवत वाचू लागला. मधेच थांबून म्हणाला, "हे बघा, 'डोळा चुकवला तर गिऱ्हाईक चुकेल.' हे मास्तरच." त्यानंतर संध्याकाळपर्यंत मला कोणी काही विचारलं नाही. मी जिंकलो होतो. दुपारचा डबा मात्र अर्धा परत नेला.

तू सारखा फोन करते आहेस. मी कामात असतो. वहिनी फोनवर काहीतरी सांगता सांगता थांबली, असं तू लिहिलंस. तिने काय सांगायचं? तिच्या टोमॅटोला कीड लागली आहे, तेच सांगायचं असेल.

दादा


५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तू लिहिलंस, "दादा, तुझ्या नव्या प्रोग्रॅमला डावा-उजवा दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, मग काहीच न सांगता तुला कसं जाता येतं?" हे वाक्य वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं, आणि कागद माझ्यापुढे ठेवून स्वयंपाकघरात गेली. म्हणून आता क्रमाने लिहितो.

घसा थंडीने बसलेला नाही. पावसाळ्यापासून असाच आहे. बाईंनी डॅश टाकला त्या दुपारी मी घशाच्या डॉक्टरांकडे होतो. त्यांनी आतला तुकडा काढून तपासायला पाठवला, तो वाईट निघाला. येत्या सोळा तारखेला ऑपरेशन. जीव वाचेल असं ते बऱ्यापैकी ठामपणे म्हणतात. स्वरयंत्र काढावं लागेल. पुढे गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, त्यातून बोलता येतं म्हणे. त्याच्या माहितीपुस्तिकेत बटणांची नावं चित्रात एक आणि मजकुरात दुसरी आहेत, मी खुणा करून ठेवल्या आहेत.

कारखान्यात काल सांगितलं. पॉलिश मशीन बंद करून म्हणाला, "म्हणजे मास्तर, त्या मंगळवारी तुम्ही रंगीत तालीम करत होतात." मी हो म्हणालो. बाईंनी हेल्प छापून भिंतीला लावली आहे. मालक आता बाहेरच्या प्रोग्रॅमचं नाव काढत नाहीत. पॉलिश अजून एमच म्हणतो, म्हणून प्रोग्रॅमला एमही समजेल अशी सोय मी ठेवली आहे. तुझ्या नियमात बसत नाही, पण राहू दे.

ते काम झालं. तरी हलकं वाटत नाही. त्या मंगळवारी खोलीत सगळं माझ्यावाचून नीट चाललं होतं, आणि मला एकसारखं वाटत होतं की कोणीतरी काहीतरी विचारावं.

तुला कळवलं नाही, कारण तू धावत आली असतीस, आणि मी तुला मागे जे बोललो, 'शिकलेल्यांनी आपल्या घरी शिकवावं,' ते मधे असताना तुझ्यासमोर आजारी पडायचं मला जमत नव्हतं. सोळाला ये. वहिनीला रात्री दवाखान्यात एकटीला बसवायचं नाही. मलाही तू हवी आहेस. हे आधी वेगळ्या शब्दांत लिहून खोडलं होतं.

फोन उचलत नव्हतो तो आवाजामुळे. तो आता माझ्यासारखा राहिलेला नाही. परवा मी दाराआडून ओ दिली, तर दूधवाल्याने 'काका घरात आहेत का' असं मलाच विचारलं. पण आहे तो सोळापर्यंतच आहे, आणि त्यातला थोडा तुझ्यासाठी ठेवायचाय. रविवारी सकाळी मीच फोन करतो. पलीकडून कोणी भलताच बोलतोय असं वाटलं तर ठेवून देऊ नकोस. कोण, म्हणून विचार.

सांगेन.

तुझाच,
दादा