जप्त झालेलं स्टूल

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नसल्यामुळे सध्या तो कागदावरच पोचता करतो आहे, गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी आपल्या घोरण्याचं खापर अजून उशीवरच फोडतात ना?

पत्रास कारण असं की माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. माझं स्टूल जप्त झालं आहे. जप्तीचा हुकूम काढणाऱ्या न्यायमूर्ती म्हणजे तुझी नऊ वर्षांची भाची.

शाळेत त्यांना मुलांचे हक्क शिकवले. मला वाटलं, फार तर खेळायला जास्त वेळ मागेल. पण कन्येने भलतंच अनुमान काढलं: पालकांनी सांभाळणं हा मुलाचा हक्क, मोडका पालक सांभाळू शकत नाही, तस्मात् पालक धडधाकट ठेवणं हाही मुलाचाच हक्क. इतकी वर्षं वर्गात तर्कशास्त्र शिकवलं, कुणाला कळलं नाही. जिला कळलं ती माझ्याच मुळावर आली. आता कोपऱ्यावर पाव आणायला पायी निघालो तरी डोक्यावर हेल्मेट. (बेकरीवाला मला 'या पायलटसाहेब' म्हणतो.) ओल्या फरशीवरून जाताना हात धरायचा, म्हणजे तिने माझा. आणि स्टुलावर चढायचं ते तिच्या समक्षच.

परवा ती शाळेत असताना मला माळ्यावरचा जाडजूड शब्दकोश हवा झाला. शब्दाचा अर्थ मला ठाऊकच होता हो, पण सहकाऱ्याला चूक ठरवायचं तर पुरावा नको? (विनय हे विद्येचं भूषण, असं मी फळ्यावर लिहितो. घरी फळा नाही.) चढलो, कोश हाती आला, आणि त्याच क्षणी स्टुलाने अंग काढून घेतलं. एका हाताने मी माळ्याच्या फळीला लोंबकळतोय, दुसऱ्या बगलेत कोश. माझ्या हाका ऐकून खालच्या मजल्यावरचा शिंपी धावत आला आणि ओरडला, "गुरुजी, आधी ते पुस्तक सोडा!" मी फळी सोडली. कोशाला ओरखडासुद्धा नाही.

न्यायमूर्ती परतल्या तेव्हा मी पाठ शेकत पडलो होतो. वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. पण ती दप्तर न उतरवताच दारात उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आई तर नाहीच. तू पण पडलास तर मला कोण?" मी उठायला गेलो, पाठीने उठू दिलं नाही. ती स्टूल उचलून शिंप्याकडे ठेवून आली.

तरी तुझ्या अधिकारात स्टूल सोडवून दे. आत्याचं ती ऐकते. भावोजींना नमस्कार.

तुझा,
अंशतः मोडलेला धाकटा

ता. क. कोशात पाहिलं. चूक मीच निघालो.

पुन्हा ता. क. स्टुलाचं राहू दे. मला काही झालं तर तिला तुम्ही न्याल का? भावोजींशी बोल, आणि होकार असेल तर मला लिहू नकोस, इथे ये आणि तिलाच विचार. कुणाकडे राहायचं हे तिला विचारलं पाहिजे, तोही तिचा हक्कच. मला अजून विचारवलेलं नाही. ताई, ती पुन्हा तशीच दारात उभी राहील आणि उत्तर द्यायला घरात मी नसेन, याची मला फार भीती वाटते.