घसा मोकळा झाल्यावर

डोंबिवली, नोव्हेंबर १९८८. संध्याकाळ.

कॉलेज सुटल्यावर ठाण्याच्या हॉस्पिटलात गेले. कोपरहून आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या हिराबाईची मुलगी सुमन तिथे आहे, घटसर्प झालाय. ताप उतरला, घसा मोकळा झाला. नाडी मात्र फार मंद. आणि हिराबाई तिला घरी न्यायला निघालेली.

"जंतू मेलं म्हणतात ना ताई? मग हितं ठेवू कशाला?"

जंतू मेले, पण त्यांचं विष पेशींत शिरलंय. आत ते एका प्रथिनाला रासायनिक खूण चिकटवतं, आणि पेशीचं नवी प्रथिनं बनवणंच थांबतं. ती खूण मी दरवर्षी फळ्यावर काढते. टोचलेलं विषविरोधी सीरम पेशींबाहेरचं विष पकडतं, आत शिरलेलं नाही. हिराबाईला एवढंच म्हटलं, "विष हृदयापर्यंत गेलंय. तिला चालवलंस तर हृदय थांबू शकतं."

"मग आतलं कोण काढनार?"

"तिचंच शरीर. पडून राहिली तर."

हे खरं आहे का? बहुतेक असावं. चिकटलेली खूण शरीर पुसतं का, मला ठाऊक नाही.

हिराबाईनं सुमनच्या पायातल्या चपला काढल्या आणि तिला परत आडवं केलं.