ओव्यांखालची नावं

बाई, काल धुळ्याहून एक मुलगी माझं घर शोधत जळगावला आली होती. तेव्हापासून जेवण जात नाही. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कोणाला सांगू?

एकोणनव्वद साल असावं. एम.फिल.च्या मुलींना तुम्ही रविवारी नरडाण्याकडच्या खेड्यांत जात्यावरच्या ओव्या गोळा करायला पाठवायचात. सोबत मी, ग्रंथालयातला सातवी शिकलेला शिपाई, कारण मला अहिराणी येते. मुली ओवी उतरवून घ्यायच्या, चिठ्ठीवर गाणारीचं नाव-गाव लिहिणं माझ्याकडे. परक्या घरच्या बाईला नाव कसं विचारायचं, म्हणून मी ओट्यावर बसलेल्या घरधन्याला विचारायचो आणि त्याचंच लिहायचो. तुम्ही गठ्ठा चाळता, चष्मा कपाळावर सरकवता. "भाऊ, तिकडे दळायला बापेच बसतात का?" मुली हसतात. मग तुम्ही आवाज खाली आणून म्हणता, "जिचं गाणं तिचं नाव हवं. नाहीतर ही चोरी झाली. परत जा."

गेलो. पहिल्याच घरी म्हातारी म्हणाली, "मन्हं नाव आते कोणले याद शे, भाऊ? बठ्ठा माले बुढीच म्हंतस." सगळे तिला बुढीच म्हणायचे. पारावरून एकजण माझ्याकडे बघत ओरडला, "काय नाना, आते बायास्नी मोजणी शे का?" सगळे खिदळले. माझे कान तापले. चार घरं कशीबशी केली आणि परतीच्या एसटीत बसलो. उरलेल्या चिठ्ठ्यांवर माझ्या आत्या, मावश्या, बायकोच्या बहिणी, सुचतील ती नावं घातली. तुम्ही वाचून म्हणालात, "आता खरं संशोधन झालं." आणि तुमच्या डब्यातली अर्धी शेवभाजी माझ्या पुढ्यात सरकवलीत. मी ती खाल्ली.

काल आलेली मुलगी विद्यापीठात शिकते. तिच्या सरांनी तिला नमुना म्हणून त्या ओव्यांवरचा आपला प्रबंध वाचायला दिलाय. आभारांत नावं लिहून घेणारा म्हणून माझं नाव आहे, त्यावरून ती आली. एका ओवीवर बोट ठेवून ती म्हणाली, "आजोबा, ही माझ्या आजीनं रचलेली. घरात सगळे सांगतात. मग ही दुसरी कोण?" खाली माझ्या धाकट्या मावशीचं नाव. मावशीनं जन्मात ओवी म्हटली नाही.

तिला खरं सांगावं, तर प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव आहे. त्या मुलींपैकी जिला त्यावर पदवी मिळाली ती रावेरला शिकवते, तिचं काय होईल? मी म्हणालो, "आमच्या बाई सांगायच्या, प्रबंधात आलेलं चुकत नाही." तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. पोरगी ओशाळली. "घरच्यांचाच गैरसमज असेल," म्हणत तिनं आपल्या वहीतली ओळ खोडली, माझ्या पाया पडली आणि गेली.

हे लिहून गादीखाली सारतोय, पाठवणार कुठे? तिचा पत्ताही मी घेतला नाही. आजीचं नाव तिनं दोनदा सांगितलं होतं. सकाळपासून आठवून पाहतोय, आठवत नाही.