कुरूप बाळांचा दवाखाना

अट-बाशी, १२ मार्च

प्रिय आईस,
चिझुरुचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? निइगातात यंदा बर्फ फार पडला, असं युकियोदादा कळवतो. इथेही पडला, पण फावडं माक्सात चालवतो. जावयाचं नाव आलं म्हणून पत्र मिटू नकोस. अक्षरालाही हसू नकोस, एका हाताने लिहिते आहे.

इथल्या दवाखान्यात बाळांची डॉक्टर म्हणून आले, तेव्हाची फजिती तुला कधी सांगितलीच नाही. आपल्या रीतीप्रमाणे मी प्रत्येक बाळाचं तोंडभर कौतुक करायचे. किती गोंडस, किती गुटगुटीत! आयांचे चेहरे पडायचे. एक आजी तर माझ्यादेखत नातवावर थू थू करून, लस टोचू न देताच त्याला उचलून घेऊन गेली. हळूहळू दारापुढची रांगच आटली आणि वरचे साहेब मला परत मायदेशी पाठवायचं बोलू लागले.

शेवटी आमच्या नर्स अनारकुल एजे, एजे म्हणजे थोरली ताई, म्हणाल्या, "डॉक्टरबाई, तुम्ही आधी दृष्ट लावता आणि वर सुई टोचता. दोन्हीतलं एक काहीतरी करा."

मग शिकले. हल्ली बाळ दिसलं की नाक मुरडते, "अगं बाई, हे कसलं ध्यान आणलंस?" म्हणते, आणि आई खुशीत बाळाचा दंड पुढे करते. एकदा घाईत काहीच बोलले नाही, तर ती बाई रुसली. "शेजारणीच्या पोराला माकड म्हणालात. माझ्या पोरात काय कमी आहे?"

लहानपणी शेजारणी माझं कौतुक करायच्या, तेव्हा तू म्हणायचीस, "कसलं काय, बावळट आहे आमची." ते मला फार लागायचं. आता दिवसभर तेच बोलते ना, तेव्हा तुझा तो आवाज आठवतो. किती तोऱ्यात म्हणायचीस तू!

लग्नानंतर तू बोलणं टाकलंस, तेही लागलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, मलाही ठाऊक आहे. पण तू दार उघडशील याची खात्री नव्हती, म्हणून आले नाही.

तर माझ्या दुसऱ्या हातात तुझी नात आहे. फोटो पाठवत नाही. फोटोलाही दृष्ट लागते, असं सासूबाईंचं म्हणणं. पण काल त्याच म्हणाल्या, "तुझ्या आईला बोलाव. मी एकटीनं हिला कुरूप किती म्हणायचं?"

आई, पोरगी भयंकर कुरूप आहे. नाक तर हुबेहूब तुझं. एकदा येऊन तिच्या तोंडावर सांग.

तुझीच बावळट,
चिझुरु