गाडीचा रंग

आई, तुझ्या टीव्हीचं मागचं झाकण परवा मी उघडलं. तो अजून त्याच टेबलावर आहे, सरकत्या लाकडी शटरांचा, आणि तू जुन्या साडीचं शिवलेलं कव्हरही त्यावर तसंच आहे. आप्पांनी एवढ्या वर्षांत तो हलवला नाही आणि लावलाही नाही. आत धूळ होती, धुळीत आपल्या गिरणीचं पीठ होतं. ज्वारीचं की गव्हाचं, ते आता सांगता येत नाही. दोन कॅपॅसिटर फुगले होते, ते बदलले. पिक्चर ट्यूब चांगली आहे. मागे खाली चित्र जुळवायच्या दोन काळ्या खुंट्या आहेत, त्यातली डावीकडची, तू धरायचीस ती, झिजून गुळगुळीत झाली आहे. दुसरीवरच्या रेघा अजून बोटाला लागतात. मी पुण्यात एका कंपनीत टीव्हीचे आणि संगणकाचे पडदे तपासते, त्यामुळे असल्या गोष्टी आधी माझ्या लक्षात येतात. बाकीच्या मागाहून येतात.

हे सगळं धाकट्यामुळे निघालं. तो आप्पांसारखाच फौजेत गेला. त्याला मुलगी आहे, तू टीव्हीमागे बसायचीस तेव्हा तो जेवढा होता तेवढी. सुट्टीवर यायच्या आधी त्याचा फोन आला. "आक्का, तू पडद्याचंच काम करतीस न्हवं? मग ट्रंकेतला आपला व्हिडिओ गेम काढ आणि त्याला चांगला पडदा बघ. पोरीला आईची लाल गाडी दावायचीय." मी म्हटलं, आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. तो म्हणाला, "लाल हुती. मी बघितलीय की." मी म्हटलं, तू चार वर्षांचा होतास. "मग? डोळं नव्हतं व्हय मला?"  लगेच तोच पुढे म्हणाला, "आईचं मला दुसरं काय आठवतंय सांग. तोंड आठवतंय ते फोटोतलं. ती गाडी तेवढी माझी सोताची हाय."  पडदा बघते, एवढंच म्हणाले.

तो गेम आप्पांनी परदेशातून आणला होता, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तुकडीबरोबर गेले होते तेव्हा. कुठल्याशा अमेरिकन सैनिकाकडून घेतलेला. काळा डबा, गाडी वळवायची एक दांडी, आणि एकच कॅसेट, गाड्यांच्या शर्यतीची. कवठे महांकाळात तेव्हा तसलं काही कुणाकडे नव्हतं, म्हणून आप्पांनी शेजाऱ्यांना बोलावून तो लावला. आणि चित्र पळायला लागलं. रस्ता, गाडी, सगळं खालून वर, खालून वर, थांबायचं नावच नाही. आवाज नाही, रंग तर नाहीच. "फशिवलं की गड्या मला त्यानं," आप्पा म्हणाले आणि वायर काढायला गेले. तू हातातलं पिठाचं फडकं खाली ठेवलंस, टीव्हीच्या मागे हात घातलास आणि ती खुंटी हळूहळू फिरवलीस. चित्र थांबलं. थोडं बुटकं झालं, वर-खाली काळी पट्टी राहिली, पण थांबलं. हात काढलास की परत पळायला लागायचं. पुढे कॉलेजात मला याचं कारण कळलं. आपले टीव्ही सेकंदाला पन्नास चित्रं धरायला केलेले, तो गेम साठ पाठवायचा. आवाज आणि रंगसुद्धा तिकडच्या पद्धतीचे, आपल्याकडच्या टीव्हीला न समजणारे. ज्याने विकला त्याने फसवलं नव्हतं. आप्पांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग बरं झालं," आणि चहा घ्यायला लागले.

गिरणीमुळे आणखी पंचाईत होती. पुढच्या खोलीत गिरणी, तिच्या दारापाशी मधल्या खोलीत टीव्ही. गिरणीच्या डब्यात कुणाची ज्वारी ओतली की व्होल्टेज पडायचं आणि थांबलेलं चित्र पुन्हा निसटायचं. म्हणून तू गिरणी आणि टीव्ही यांच्यामध्ये, टीव्हीच्या पाठीशी, तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसायचीस. डावा हात खुंटीवर. एक नजर गिरणीकडे, एक आमच्याकडे. दळायला आलेल्या बायका तुला सोडायच्या नाहीत. "आवं वैनी, आमची बाजरी जळायला लागली आन् तुमी टीव्हीच्या बुडाला काय चिकटलाय?" तू म्हणायचीस, "पोराची गाडी पलटी हुतीय. धरून बसलीया." "मग आमच्या मालकास्नी बी धरायला या एकदा, लय पलटी हुत्यात संध्याकाळचं." आणि सगळ्या हसायच्या, तूही. पडदा तुला कधीच दिसायचा नाही. मी एकदा विचारलं होतं की खुंटी कुठल्या बाजूला फिरवायची हे तुला कसं कळतं. "तुमच्या तोंडाकडं बघूनच कळतंय की. तुझ्या कपाळाला आठी पडली की इकडं, त्याचं तोंड उघडं पडलं की तिकडं."

रंगाचं त्याच जागेवर ठरलं. धाकट्याने दांडी हातात धरूनच विचारलं, "आई, आपली गाडी कुठल्या रंगाची?" तू गिरणीकडे बघत होतीस. मान न वळवता म्हणालीस, "लाल." मी म्हटलं, आई, तुला दिसत पण नाही, आणि टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट आहे. "तुला कुणी इचारलं? त्यो मला इचारतोय." मग तो एकेक विचारत गेला आणि तू सांगत गेलीस. पुढच्या गाड्या निळ्या. कडेला ज्वारीचा हिरवा शाळू. आणि हा रस्ता कुठं जातो? "मिरजेला. दुसरीकडं कुठं जाणार?" त्या दिवसापासून तो कधी शर्यत खेळलाच नाही, मिरजेला जायचा. मध्ये गाडी थांबवून पेरू घ्यायचा. मी शेजारी बसून गुण मोजायचे, कारण वर कोपऱ्यात आकडे यायचे आणि ते कुणीतरी बघायला हवेत असं मला वाटायचं.

नंतर तुला खरंच मिरजेला नेलं, मोठ्या दवाखान्यात. ताप उतरत नव्हता, इथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, आणि सुट्टीवर आलेले आप्पा तुला जीपमधून घेऊन गेले. गिरणी बंद होती, त्यामुळे व्होल्टेज चांगलं होतं. धाकट्याने गेम लावायला सांगितला. मी लावला आणि चित्र पळायला लागलं. मी मागे गेले, तुझ्या डब्यावर बसले, खुंटी फिरवली. मला ते जमलं होतं, चित्र थांबलं होतं, हे मला त्याच्या तोंडावरून दिसत होतं. त्याने दांडी खाली ठेवली. "तू न्हाई. आई." मी उठले. मग चित्र पळत राहिलं आणि तो त्या पळत्या चित्रातच गाडी चालवत राहिला. काय करतोस, असं शेजारच्या काकूंनी विचारलं तर म्हणाला, "मिरजेला चाललोय. आईला आणाय." तू आली नाहीस. आप्पा फौज सोडून घरी आले, गिरणी चालवू लागले, आणि गेम त्यांच्या काळ्या ट्रंकेत गेला. तो कुणी ठेवला ते मला आठवत नाही.

तर पडदा. मी हे काम नेहमीचं काम समजून करायचं ठरवलं. गेम पुण्याला नेला, साफ केला, मधे सिग्नल बदलणारा डबा जोडून कंपनीतल्या एका चांगल्या सपाट पडद्यावर लावला. चित्र स्थिर, आवाज स्वच्छ. पण जुनं चित्र नव्या आकारात ताणलं जातं, गाडी बसकी दिसते, आणि दांडी हलवल्यावर गाडी किंचित उशिरा वळते. तो उशीर सहज लक्षात येत नाही, पण ज्याच्या हाताला जुनी सवय आहे त्याची गाडी ठोकर खाणारच. म्हणून सपाट पडदा बाद. मग सांगलीत एका दुरुस्तीवाल्याकडे जुना रंगीत टीव्ही मिळाला, काचेच्या ट्यूबचा, सगळ्या देशांचे सिग्नल घेणारा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, भंगारवाला बी नेईना झालाय ह्याला. तुमी लग्नात देणार हाय का कुणाला?" मी म्हटलं, गेमसाठी हवा आहे. त्याने माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि स्वतः उचलून गाडीत ठेवला. घरी आणून लावला. चित्र पळत नाही, बुटकं होत नाही, दांडीबरोबर गाडी वळते, आवाज येतो. रंगही येतात. कुठल्याही मापाने बघितलं तरी तोच योग्य पडदा होता. आणि त्यावर गाडी लाल नव्हती. कुठल्या रंगाची होती ते शेवटी सांगते.

धाकटा यायच्या दिवशी सकाळी दोन्ही टीव्ही मधल्या खोलीत होते, रंगीत चालू आणि तुझा बंद. आप्पा दाढी करता करता दारात आले, पडद्यावरची गाडी बघितली, गालावरचा साबण तसाच ठेवून बराच वेळ बघत राहिले.  मला ठाऊक होतं की धाकटा हे बघेल, हसेल, म्हणेल की आक्काच बरोबर होती. आमच्या घरात मी बरोबर असते, त्याची सगळ्यांना सवय आहे. पण एकदा ती गाडी चुकीची निघाली की तिच्यामागचं बाकी सगळं तो तपासायला लागेल. तू मागे बसली होतीस का? पेरू होते का? आवाज तुझाच होता का? मला तुझी अकरा वर्षं मिळाली, त्याला सहा, आणि त्यातली निम्मी आठवण्याजोगी नव्हेत. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला तेव्हा मी रंगीत टीव्हीची वायर काढली, तो कॉटखाली सरकवला आणि वर चादर टाकली. तुझा लावला. आप्पा खुर्चीत बसले होते. "त्यो चालत न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "ऱ्हाऊ दे मग," ते म्हणाले.

आतला एक रेझिस्टर बदलला असता तर तुझा टीव्ही आपोआप साठ चित्रं धरून बसला असता, कुणी खुंटीला हात लावायची गरज नव्हती. काम अगदी लहान आहे. केलं नाही. तेलाचा डबा आता नाही, मी स्वयंपाकघरातला पाट आणि त्यावर एक उशी घेतली आणि तुझ्या जागी बसले. पुढे सतरंजीवर धाकटा आणि त्याची मुलगी, तिच्या हातात दांडी. चित्र पळालं असणार, कारण तिचं तोंड उघडं पडलं. मी खुंटी तिकडे फिरवली आणि तिने तोंड मिटलं. तू सांगितलं होतंस त्यात फरक नाही. धाकट्याने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "रंग उडालाय की गं आक्का ह्याचा." मी म्हटलं, जुना झाला. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाही. नसलेला रंग उडत नाही. तो म्हणाला, "तरी बरा टिकला म्हणायचा." मी खुंटीकडे बघितलं.

मग तिने विचारलं. "पप्पा, आपली गाडी कंची?" त्याने बोट दाखवलं. "कसल्या रंगाची हाय?" त्याने उत्तर दिलं नाही. त्याच्याइतकी खात्री कुणालाच नव्हती, तरी दिलं नाही. टीव्हीच्या वरून माझ्याकडे बघत राहिला, लहानपणी तुझ्याकडे बघायचा तसा, आणि थांबला. मागून मला पडदा दिसत नव्हता. मी म्हणाले, "लाल."

"तुला कसं दिसतंय गं मागनं, आत्या?" तिने विचारलं. ती आमच्यावर गेली आहे, विशेषतः माझ्यावर. धाकटा हसला आणि म्हणाला, "तू चालव. मिरज लांब हाय." मला हात काढता येत नव्हता, म्हणून मी तशीच बसून राहिले. आप्पा उठून पुढच्या खोलीत गेले, बंद गिरणीपाशी, आणि बराच वेळ तिथेच काहीतरी पुसत होते.

आप्पा, धाकटा, त्याची बायको आणि मुलगी आज औंधला देवीला गेले आहेत, घरात मी एकटीच आहे. कॉटखालचा टीव्ही परत बाहेर काढून लावला आणि हे त्याच्यासमोर बसून लिहिलं. आता बंद करून पुन्हा आत ढकलते, हा कागदही त्या चादरीखालीच जाईल. गाडी हिरवी आहे, आई, कोवळ्या शाळूसारखी. हे मी फक्त तुला सांगते आहे.