मामांच्या गावी नसलेला शब्द

तीर्थरूप हॅडली मामांना लीड्सहून थर्झाचा नमस्कार. गुडघा कसा आहे ते आधी लिहा; पत्रात मेंढ्यांच्या विषयावर आलात की गुडघा राहून जातो.

माझ्या लग्नाच्या जेवणातलं वधूपक्षाचं भाषण (बाबा असते तर त्यांनी केलं असतं) आईनं शेजारच्या रूपर्टना दिलं, आणि तुम्ही 'बरं झालं' म्हणालात, असं कळलं. रूपर्टनी जन्मभर मेंढ्यांचे लिलाव भरभर पुकारले. ते बोलून बसले की मी कुणाच्या गोठ्यात गेले हे पाहुण्यांना कळणार नाही. असो.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत सध्या इंग्रजीतले अडखळत बोलण्याचे शब्द माझ्याकडे आहेत. 'स्टॅमर' हजार वर्षांहून जुना; त्याच्या मुळाशी फक्त थांबणं आहे, दोष नाही. 'स्टट' म्हणजे ठेचकाळणं. पुढे त्याला शेपूट जोडून 'स्टटर' झाला, तो आता अमेरिकेत जास्त चालतो. 'व्लॅफ' नावाचाही एक होता, तो मेला. (उच्चारून पाहा, कारण कळेल.) इकडे उत्तर इंग्लंडात 'मॅफल' म्हणत. तो अजून कुणाच्या तोंडी आहे का, हे ध्वनिमुद्रित करायला मी शनिवारी तुमच्याच गावच्या पबमध्ये गेले. तुम्ही बाजारात होतात.

बोलताना शब्द अडकतो त्याला इथं काय म्हणतात, एवढंच विचारलं. सगळे आपापल्या बिअरमध्ये बघू लागले. मालकीण थर्लबीबाई म्हणाल्या, "तसलं इथं कुणाला नाही, बाळ." म्हातारा आयझॅक (मेंढीच्या प्रत्येक लंगडण्याला त्याच्याकडे वेगळा शब्द आहे) "मॅफ" एवढं म्हणाला आणि टेबलाखाली बायकोनं त्याला लाथ घातली. ध्वनिमुद्रणात ती स्पष्ट ऐकू येते.

"शिंक येत होती," तो म्हणाला.

"आणि आमचे हॅडली मामा?" मी विचारलं.

"हॅडलीला काय झालंय?" थर्लबीबाई म्हणाल्या. "तो सावकाश बोलतो. घाई तुम्हा लीड्सवाल्यांना."

शेवटी कचेरीत कळवलं की या गावी असा शब्द मिळाला नाही.

पत्र आईला दाखवायला हरकत नाही. सहीच्या खालचं दुमडून दाखवा.

तुमची,
थर्झा

ता. क. भाषण तुम्ही करायचं आहे. रूपर्टना मी नको म्हणून सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण ते त्यांनी फार भरभर सांगितलं. दुसऱ्या कुणाचं भाषण मला ऐकायचं नाही.

आणखी एक. जेवणात सूप आणि भाजलेलं मटण होतं, ते मी बदललं. आता थंड साल्मन आहे, कोशिंबीर आहे आणि थंड पुडिंग. टेबलावर निवण्यासारखं काही नाही. हवा तेवढा वेळ घ्या.