शेवटच्या पानावरची खुर्ची

प्रिय ठमे,

हे फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर तू 'बरं, बरं' म्हणत राहतेस आणि माझं अर्धं वाक्य राहूनच जातं. म्हणून पत्र. कुरियरवाला म्हणाला की उद्या नक्की पोचेल. मी त्याला तीनदा विचारलं, तेव्हा तो वैतागला. गुरुवारी माझ्या नातीचं, आपल्या बेडकीचं, टॉन्सिल्सचं ऑपरेशन आहे, हे मला तिच्याकडूनच कळलं. तू सांगितलं नाहीस म्हणून मी रुसलेले नाही. म्हणजे थोडी रुसले होते, पण ते जाऊ दे. साधं ऑपरेशन आहे, अर्ध्या तासाचं, हे सकाळपासून स्वतःला इतक्यांदा सांगून झालंय की आता माझाच त्यावर विश्वास बसेनासा झालाय.

तिला दवाखान्यातून पुस्तक मिळालं ना, ऑपरेशनला येणाऱ्या सगळ्या मुलांना देतात ते? मुखपृष्ठावर आजीचं नाव बघून तिने लगेच मला फोन लावला. आवाज तसा घोगरा, पण प्रश्नांची नुसती सरबत्ती. ऑपरेशनच्या खोलीतल्या खिडकीवर जो पिवळा पक्षी बसतो, तो बिस्किट खातो का? कारण डॉक्टरांनी तिला उपाशी यायला सांगितलंय, पक्ष्याला नाही. ती फ्रॉकच्या खिशात एक लपवून नेणार आहे. मी हसले.

ती खिडकी मी मनाने काढली होती, ठमे. कच्चं चित्र बघून संपादिकाबाई म्हणाल्या होत्या, "अहो, भिंत किती ओकीबोकी दिसतेय, पोरं घाबरतील की!" म्हणून खिडकी काढली. तरी उजवा कोपरा रिकामा वाटला, म्हणून पक्षी बसवला. पिवळा, कारण पानभर निळंच निळं झालं होतं. तीस वर्षं मुलं त्या पक्ष्याच्या भरवशावर आत जातायत आणि मी ती खोली कधी डोळ्यांनी बघितलेलीसुद्धा नव्हती.

शनिवारी मी बसने तुमच्या दवाखान्यात जाऊन आले. तुझ्या घरावरूनच बस गेली. गॅलरीत बेडकीचे मोजे वाळत होते. उतरले नाही. मोठ्या सिस्टर आधी खेकसल्या, मग पुस्तक माझं आहे हे कळल्यावर एकदम नरमल्या. ऑपरेशनची खोली त्या दिवशी धुवायला काढली होती, म्हणून पायात पिशव्या चढवून मला आत नेलं. खिडकी नाही. चारही भिंती कोऱ्या. मी विचारलं, टेबलावर जरा आडवी होऊ का? त्या हसल्या, पण "चढा" म्हणाल्या. तिथून काय दिसतं सांगू? छत, एक मोठा गोल दिवा आणि दिव्याशेजारी रंगाचा उडालेला पोपडा. मी जन्मभर मुलांसाठी चित्रं काढली, ती सगळी उभ्या माणसाला दिसतं तशी. आडव्या पोराला काय दिसतं, हे कधी डोक्यातच आलं नाही. परतताना बसमध्ये ते छत काढलं, दिव्यासकट आणि पोपड्यासकट. सोबत पाठवतेय. बेडकीला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

आता दुसरं. इथपर्यंत यायला मी दोनदा उठून ब्रश धुऊन आले, जे आधीच धुतलेले होते.

तू सहा वर्षांची होतीस. तुला ऑपरेशनसाठी आत नेताना मी म्हणाले होते, "डोळे उघडशील तेव्हा मी खुर्चीतच असेन." तू मान हलवलीस. दार मिटल्यावर पाच मिनिटांत छापखान्यातून निरोप आला की लाल रंग विटकरी येतोय, मशीन थांबवून ठेवलंय, येऊन बघून जा. माझं पहिलं मोठं पुस्तक होतं ते. मी हिशेब केला की एक तास आहे हातात. लाल रंग लाल व्हायला अडीच तास लागले. मी आले तेव्हा तू जागी होतीस, तोंड भिंतीकडे, आणि मुठीत सिस्टरचं पेन घट्ट धरलेलं. रडत नव्हतीस. रडली असतीस तर बरं झालं असतं. तू तेव्हा काही बोलली नाहीस आणि पुढेही कधी नाही.

वर्षभराने हे दवाखान्याचं पुस्तक आलं. शेवटच्या पानावर पलंग, पलंगाजवळ खुर्ची, खुर्चीत आई, मुलीचा पाय हातात धरून बसलेली. त्या पानासाठी मला किती पत्रं आली! तुला बहुधा वाटतही नसेल की मी बघितलं, पण तेरा वर्षांची असताना तू ते पान उघडलंस, मिटलंस आणि पुस्तक कपाटात उलटं, पाठ आत करून ठेवलंस. मी ते कधी सरळ केलं नाही.

आता खरं सांगते, हे सगळं आजच का लिहितेय. काल बेडकीचा पुन्हा फोन आला. पक्ष्याची चौकशी संपल्यावर तिने विचारलं, "आजी, शेवटच्या पानावर झोपलेली मुलगी म्हणजे माझी आई ना? आणि पाय धरून बसलेली तू?" मी हो म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं, ठमे. ती म्हणाली, "मग मी आईला सांगते, तिनेपण माझा असाच पाय धरायचा." आज ना उद्या ती तुझ्यापुढे ते पान उघडून विचारणार. तेव्हा मला सांभाळून घेऊ नकोस. आजी नव्हती, खुर्ची रिकामी होती, असं सांग तिला. खिडकी नाही, हेही सांग. आणि तुझ्याने ते सांगवलं नाही, तर मला 'ये' म्हण. मी गुरुवारी सकाळी येऊन माझ्या तोंडाने सांगेन. खुर्ची तुझी. मला बाहेरचा बाक पुरे. छापखान्याला कळवलंय की गुरुवारी मी नाही.

तुझीच,
आई